कापसावरून पाहिलेला कप्तान

सोमवार, दुपार

आदरणीय राजदीपदादा यांस,

धर्मपालचा सविनय जय भीम.

काल रविवारी सकाळी बुद्धवंदना झाल्यावर मी खोबरेल तेलात कापूर चुरला, ते तेल मानेपासून तळपायापर्यंत चोळलं, लग्नकार्यात घालायचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, पँटीच्या खालच्या टोकांना सुतळी बांधली, कानात बोळे घातले (कापूस घरचाच) आणि शिडी लावून बैठकीतल्या कापसावर चढलो. एवढ्या एका वाक्यात माझी सगळी कैफियत आली, असं लिहिताना वाटत होतं. पण वाचून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, की यातून तुम्हाला मी वेडा झालो एवढंच कळेल. म्हणून सविस्तर लिहितो. त्याआधी, आपली प्रकृती कशी आहे? वहिनींचा गुडघा उन्हाळ्यात जरा बरा असतो, तसा या साली आहे का? पायलची परीक्षा संपली असेल. तुमच्या बहिणीच्या हातावरचे चट्टे कमी झाले का? (हा प्रश्न रीत म्हणून विचारलेला नाही. बाकीचेही रीत म्हणून विचारलेले नाहीत, पण हा विशेष.) इकडे माय बरी आहे, म्हैस बरी आहे, मी आहे. फोन करायचा सोडून कागद का काळे करतो, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण पुढे येईल. ते कारण सध्या कापसात आहे.

दादा, मागच्या साली कापसाचा भाव कुठून कुठे चढला आणि ज्यांनी दिवाळीतच विकला ते वर्षभर कसे कपाळ बडवत फिरले, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्या फिरणाऱ्यांत मी होतो. म्हणून या साली आमच्या सगळ्या गावानं मनाशी ठरवलं, की घाई करायची नाही. कापूस घरात भरायचा आणि भाव दारात येईपर्यंत थांबायचं. आता एप्रिल लागला. भाव काही पत्ता विचारत आला नाही, उलट दर आठवड्याला एकेक पायरी खाली उतरतो आहे. आमची बैठक टिनाच्या छतापर्यंत भरलेली आहे. टीव्ही कापसामागे गेला, दिवाण कापसाखाली गेला, भिंतीवरचं घड्याळ आत कुठेतरी अजून टिकटिक करतं. पाहुणा आला तर त्याला ओट्यावर बसवावं लागतं, आणि गावात सध्या सगळेच ओट्यावर बसतात, कारण सगळ्यांच्याच बैठकी भरलेल्या आहेत. बोलता बोलता खाजवतात. साठवलेल्या कापसात डोळ्याला न दिसणारे किडे होतात म्हणे. ते दिसत नाहीत हे खरं, पण ते नाहीत असं म्हणणारा माणूस आमच्या गावात तुम्हाला सापडणार नाही.

तुमच्या बहिणीनं थंडीत सांगितलं, विका. मी म्हटलं, थांबू. ऊन लागलं तेव्हा सांगितलं, विका. मी म्हटलं, भाव चढेल. तिच्या हातावर चट्टे उठले, डॉक्टरनं मलम दिलं, आणि मलमाबरोबर सल्ला दिला की घरातला कापूस काढा. मी त्या दिवशी पौर्णिमेचं प्रवचन ऐकून विहारातून आलो होतो. डोकं शांत होतं. शांत डोक्यानं मी तिला म्हटलं, की दीपा, सगळ्या संवेदना अनित्य आहेत, त्यात खाजही आली. तिनं मलमाची डबी खाली ठेवली आणि म्हणाली, “मंग कापूसच काहून नित्य आहे?” दादा, मी इतकी वर्षं प्रवचनं ऐकतो, पण असा प्रश्न भंतेजींना कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी पुन्हा म्हटलं, भाव चढेल. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या गाडीनं दारव्ह्याला तुमच्याकडे निघाली. जाताना मायला म्हणाली, “कापूस निघाल्याशिवाय मले बलावू नका.” तेव्हापासून माझा फोन उचलत नाही, आणि तुमच्या फोनवर केला तर पायल उचलून सांगते, की आत्या आंघोळीला गेली आहे. दारव्ह्याला पाणी एवढं मुबलक कधीपासून झालं, हे मी तिला विचारलेलं नाही.

तिनं तुम्हाला असंही सांगितलं असेल, की हा माणूस पिक्चरपायी कापूस अडवून बसला आहे. हा आरोप सर्वस्वी खोटा आहे. (पंचशीलातलं चौथं शील, खोटं न बोलण्याचं, मी रोज सकाळी म्हणतो, त्यामुळे वरचं वाक्य दुरुस्त करतो. निम्मा खोटा आहे.)

कप्तान जालिंदर तुम्हाला आठवत असेल. आठवत नसेल तर वहिनींना विचारा, त्यांच्या वयाच्या सगळ्यांना आठवतो. सर्वेक्षण खात्यातला साधा माणूस, खांद्याला कापडी पिशवी, हातात टॉर्च. तो टॉर्च थाप मारल्याशिवाय लागत नाही. जुन्या किल्ल्यांच्या भुयारात शिरून तो चोरांच्या आधी खजिना शोधतो आणि सगळाच्या सगळा सरकारात जमा करतो. (आम्हाला तेव्हा हे पटायचं.) त्याचे तीन भाग आले. तिन्ही मी कळंबला चिंतामणीच्या जत्रेत, तंबूतल्या टॉकीजमध्ये, खाली मातीत बसून पाहिले. मग तीस वर्षं कप्तानाचा पत्ता नाही. आम्ही मोठे झालो, लग्नं झाली, तंबू गेले. आणि या साली एकाएकी चौथा भाग आला. नट तोच, केस पांढरे, आणि पिक्चर टॉकीजमध्ये नाही, सरळ फोनवर. आमच्या पोरानं, धम्मरत्ननं, पुण्याहून मला कप्तानाच्या चाहत्यांच्या गटात घातलं. सगळे माझ्याच वयाचे. जळगावचे, परभणीचे, अकोटचे, कुठकुठचे. पोरांची लग्नं करायला निघालेले बाप्ये आणि बाया, आणि दिवसभर चर्चा कशावर, तर दुसऱ्या भागातली मगर खरी होती की रबराची. गटाचे प्रमुख दिग्रसकडचे उत्तमसिंग. त्यांचे नियम कडक. चौथा भाग आला तरी कोणी एकट्यानं पाहायचा नाही. रविवारी दुपारी सगळ्यांनी एकाच वेळी सुरू करायचा, पाहता पाहता बाजूला लिहायचं, आणि जो पुढची गोष्ट आधी सांगेल त्याला गटातून काढायचं.

आणि त्यात एक अफवा आली. या भागात कप्तान मरतो.

दादा, तुम्ही हसाल. पण माणूस पन्नाशीच्या तोंडाशी आला की त्याला अशा बातम्या सहन होत नाहीत. मी लहान होतो तेव्हा कप्तान पुरातून, आगीतून, मगरीच्या जबड्यातून निघाला. आता तो जिना चढताना कठड्याला धरतो, असं जाहिरातीतच दिसलं. मला कुठल्याच कामात लक्ष लागेना. वंदनेला बसलो की ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ म्हणताना त्या सत्तांमध्ये, म्हणजे प्राणिमात्रांत, कप्तान येऊन उभा राहायचा. घरात तुमची बहीण नाही, बाजारात भाव नाही, आणि हा एक म्हातारा भुयारात निघालेला. तिन्हीकडे मी एकदम काळजी करू शकत नव्हतो, म्हणून जी काळजी दोन तासांत संपेल ती आधी हातात घेतली.

आता कापसाचा आणि पिक्चरचा संबंध सांगतो. आमच्या घरात नेटवर्क एकाच जागी येतं. बैठकीत, टिनाच्या खाली, उगवतीच्या झरोक्यापाशी. तिथून पलीकडच्या गावचा टॉवर दिसतो. एरवी त्या जागी पालीखेरीज कोणी पोहोचत नव्हतं. कापूस भरला आणि वर चढून मोकळी जागा पाहायला गेलो, तेव्हा फोन आपोआप खणखणायला लागला. म्हणजे मी कापूस नेटवर्कसाठी ठेवला असं नाही. कापूस भावासाठी ठेवला. पण मागच्या आठवड्यात बाबुलाल मेटॅडोर घेऊन दारात आला (तो गावोगावचा कापूस सरकी काढायला जिनिंगवर नेतो) आणि म्हणाला, “देता काय भाऊ, गाडी खालीच चालली,” तेव्हा मी रविवार होऊ दे म्हटलं. ते भावासाठी म्हटलं की कप्तानासाठी, याचा मी बराच विचार केला आहे. विचार अजून चालू आहे.

तर काल दुपारी मी वर आडवा पडलो. टिन तापलेलं, अंगाखाली कापूस, अंगावर कापूर. मायनं खालून एकदा डोकावून पाहिलं. “अरे धर्मपाल, अंडे उबवून राह्यला काय?” असं विचारून ती गेली. पिक्चर सुरू झाला. आणि तिथेच पहिलं संकट आलं. आमच्याकडे चित्र हळू येतं, पण अक्षरं लवकर येतात. त्यामुळे माझा कप्तान मागे आणि लोकांच्या प्रतिक्रिया पुढे. माझ्याकडे कप्तान अजून टपरीवर चहा पीत होता आणि बाजूला लोक लिहीत होते, की अरे बापरे, पूल तुटला. तो चहाचे पैसे देतो, माकडाला बिस्कीट देतो, गाणं गुणगुणत निघतो, आणि मी वरून त्याला सांगतो आहे की नको रे जाऊ बाबा. माझं कोण ऐकतं! मला काल ज्योतिष्यांची दया आली. मी घाबरून ‘पूल तुटून कप्तान वाचला का’ असं लिहिलं, तर उत्तमसिंगनं सगळ्यांदेखत लिहिलं, “धर्मपालभाऊ, तुमचं नेटवर्क बैलबंडीनं येते काय? लोकं भुयारात शिरून राह्यले, तुम्ही अजून चहाच पिऊन राह्यले!” त्यावर पुष्कळ जण हसले. हसण्याची चित्रंही लवकर येतात.

कप्तान अखेर माझ्याकडेही भुयारात शिरला. त्याच्यामागे दगडी दार बंद झालं, टॉर्चवर त्यानं थाप मारली, टॉर्च लागला नाही. (पूर्वी दुसऱ्या थापेला लागायचा.) आणि तेवढ्यात बाजूला ओळ उमटली. पायलचं नाव, आणि पुढे, “कापूस विकला काय?”

पायल त्या गटात आहे हेच मला माहीत नव्हतं. पण ही ओळ पायलची नाही हे मला चित्र यायच्या आत कळलं. पायल मला ‘काकाजी’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करत नाही. विनासंबोधन मला जगात एकच व्यक्ती लिहिते.

मी उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. तोवर गट पेटला. कोणाला वाटलं ही खूण आहे. जळगावच्या एक बाई म्हणाल्या, की म्हणजे खजिना कापसात लपवलेला आहे का? परभणीच्या मास्तरांनी लगेच मांडलं, की पहिल्या भागात कप्तानाच्या पिशवीतून थोडा कापूस पडतो, तो दिग्दर्शकानं उगीच पाडलेला नाही, तीस वर्षांपूर्वीच त्यानं हे योजून ठेवलं होतं. उत्तमसिंग खवळले. त्यांनी लिहिलं, की पायलताई, पुढची गोष्ट सांगायची नाही हा आपला पहिला नियम, तुम्हाला आत्ताच्या आत्ता काढतो.

दादा, माझ्यापुढे दोन रस्ते होते. गप्प बसलो असतो तर तिला काढलं असतं, आणि दोन आठवड्यांनी तिनं मला विचारलेला पहिला प्रश्न तिथेच बुजला असता. आणि बोललो तर सगळ्या महाराष्ट्रात माझं घर उघडं. मी लिहिलं, “काढू नका. त्या माझ्या घरच्या आहेत. कापूस आमच्या बैठकीतला आहे.”

मग अकोटच्या एका गृहस्थांनी लिहिलं, “मग विकला काय?” त्यांच्यामागून मास्तरांनी लिहिलं, की आमचाही पडून आहे. जळगावच्या बाईंनी लिहिलं, की आमच्या देवघरापर्यंत आला, देव शेजारच्यांकडे ठेवले. कोणी विचारलं, तुम्हालाही खाज सुटते का? आणि त्यावर, दादा, एवढे होकार आले की मोजता आले नसते. अर्धा गट कापूस उत्पादक निघाला. त्यातले निम्मे त्या क्षणी कापसाच्या वर किंवा कापसाला टेकून पिक्चर पाहत होते. एकानं कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ सांगितली, एकानं गंधक. शेवटी उत्तमसिंगनं लिहिलं, “मी बी वरच बसलो. खाली बायको बसू देत नाही.” ज्यांना मी आजवर मोठे दुकानदार समजत होतो ते हे. कप्तान तिकडे अंधारात एकटा, आणि आम्ही सगळे इकडे भाव काय म्हणतो ते एकमेकांना विचारत होतो. मला एकाच वेळी भरून आलं आणि कापूर डोळ्यात गेला.

तिला आता काहीतरी नीट लिहावं म्हणून मी दोन्ही हात मोकळे करायला उठून बसलो. कापसावर माणूस आडवा असतो तोवर कापूस त्याला धरतो, बसला की गिळतो. मी कमरेपर्यंत आत गेलो, हात भिंतीकडे टाकला, आणि फोन भिंत आणि कापूस यांच्या फटीतून सरसर खाली गेला. कुठे गेला ते दिसेना, पण ऐकू येत होतं. कापसाच्या पोटातून कप्तान ओरडत होता, “कोई है? मुझे बाहर निकालो!”

माय धावत आली. “तू वर आहेस तं मंग आत कोन आहे?” मी सांगितलं, की कप्तान आहे. “कोन्ता कप्तान?” मी म्हटलं, पिक्चरमधला. तिनं माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं, जसं ती म्हशीचं रेडकू आजारी असताना त्याच्याकडे पाहत होती, आणि अंगणात जाऊन हाका मारल्या. शेजारच्या सुखीबाई आल्या, त्यांच्यामागून सगळी आळी आली. सुखीबाईंनी कान लावला आणि निकाल दिला, “आवाज हिंदी आहे वं, बाहेरचा मजूर असन. झोपला असन, वरून कापूस पडला.” मी वरून ओरडून सांगत होतो की तो नट आहे, पण कमरेपर्यंत कापसात बुडालेल्या माणसाचं बोलणं कोणी गंभीरपणे घेत नाही. लोकांनी पाट्या-टोपल्या आणल्या आणि कापूस अंगणात फेकायला लागले. कोणीतरी बाबुलालला फोन केला की मेटॅडोर घेऊन ये, माणसाला कळंबच्या दवाखान्यात न्यायचं आहे. कप्तान मधूनच हाका मारायचा आणि लोक जोर करायचे. “आलो, आलो, दम धर!” असं एकानं त्याला हिंदीतही सांगितलं.

निम्मा कापूस बाहेर आला आणि आवाज मध्येच तुटला. बॅटरी संपली. मला ते कळत होतं. पण सगळे थांबले, मायनं हात जोडले आणि हळूच म्हणाली, “गेला बिचारा.” दादा, ज्या गोष्टीची मला महिनाभर धास्ती होती तीच गोष्ट तिनं अशी सांगितली, की मीही कापसातच हात जोडले.

मग मला लोकांनी बाहेर काढलं आणि मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. कोणी चिडलं नाही, हे जास्त जड गेलं. बाबुलाल तेवढा म्हणाला, “मानूस तं नाही निघाला भाऊ. कापूसच नेतो, खाली गाडी कायले नेऊ?” कापूस अंगणात, गाडी दारात, माणसं पाट्या घेऊन तयार. यापेक्षा सोपं कधी झालं नसतं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, “थांबू. भाव चढेल.”

ते कोणी म्हटलं, मला माहीत नाही. तोंड माझं होतं. माय आत गेली. लोकांनी कापूस पुन्हा आत भरून दिला आणि आपापल्या ओट्यावर गेले. फोन आतच आहे. आता मला नवी काळजी, की तो तापलेला आत गेला आहे आणि भोवती सगळा कापूस. मी दारापाशी पाण्याची बादली ठेवून बसलो आहे आणि तिथूनच हे पत्र लिहितो आहे. दर थोड्या वेळानं वास घेतो. कापराशिवाय कसलाही वास येत नाही, पण तो माझाच आहे.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की मोठ्या पातेल्याचं झाकण मायला सापडत नाही. तुमच्या बहिणीला विचारून कळवावं. वहिनींना जय भीम, पायलला आशीर्वाद, आणि घरातल्या तिसऱ्या व्यक्तीला काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही, म्हणून इथे थोडी जागा कोरी सोडतो.

आपला,
धर्मपाल

ता. क. झाकण पातेल्यावरच होतं. तरी पत्र रद्द समजू नये. जयंती तोंडावर आली आहे. विहाराची रंगरंगोटी सुरू झाली, आणि मिरवणुकीत बायकांच्या रांगेत पुढे कोण चालणार हे मला तिघींनी विचारलं. मी म्हटलं, येईल. आता ती आली नाही तर ते चौथ्या शीलात जाईल. तिला एवढं सांगून पाहावं. माझ्यासाठी नव्हे, शीलासाठी.

आणखी एक ता. क. (मंगळवार, सकाळ). पत्र टाकायला गेलो नाही. आज वंदनेनंतर ओट्यावर बसलो होतो. माय म्हणाली, “थ्या पोरीले इचारलं काय, का ते काहून गेली?” मी म्हटलं, कापसामुळे. “कापूस तं सगळ्यायच्या घरात हाये. सगळ्यायच्या बायका गेल्या काय?” एवढं बोलून ती म्हशीकडे गेली.

दादा, तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. आमचं लग्न नवीन होतं तेव्हा तुमची बहीण माहेरी येऊन दारव्ह्याला पिक्चर पाहायची आणि परत आली की कापूस वेचताना तो सांगायची. बायकांची पात (वेचायची रांग) लागायची, तिच्या दोन्ही बाजूंना जागा मिळवायला भांडणं व्हायची. ती मारामारीसुद्धा वेचता वेचता सांगायची, हात थांबायचे नाहीत. मी शेजारच्या पातीत उगीच रेंगाळायचो. मला आठवतं, तिनं सांगितलेले पिक्चर मी पुढे पाहिले आणि ते मला जरा कमीच वाटले. मग आम्ही ते सगळं बंद कधी केलं, ते मला सांगता येणार नाही. फोन आले, की काय झालं. मी वर चढून एकटा पाहायला लागलो आणि ती खाली मलम लावत बसली. मी तिला एकदाही म्हटलं नाही, की वर ये, दोघं पाहू. कापूस दोघांचं वजन धरतो की नाही याचीही मी कधी चौकशी केली नाही.

शेवट मला माहीत नाही. कप्तान निघाला की आत राहिला, गावात कोणाच्याही फोनवर बघता येईल, उत्तमसिंगला विचारता येईल. मी विचारणार नाही. तिनं तो शेवटपर्यंत पाहिला असणार, कारण ती कुठलीही गोष्ट अर्ध्यात सोडत नाही. या वेळी सोडली असेल तर ती मी आहे. दादा, खरी विनंती ही आहे. तिला म्हणावं, तो शेवट मला येऊन सांग. तो मेला असेल तरी चालेल. तू सांग.

शेवटची ता. क. (बुधवार). हे मी दारव्ह्याहूनच लिहितो आहे, बाबुलालच्या पुढच्या सीटवर बसून, गुडघ्यावर कागद धरून. अक्षराबद्दल क्षमा असावी. काल दुपारी मी त्याला बोलावलं आणि गाडी भरायला सांगितली. फोन तळाशी सापडला, थंड होता. मी तो तसाच खिशात ठेवला आहे, चार्जिंगला लावलेला नाही. जिनिंग जवळ असताना यवतमाळ ओलांडून दारव्ह्याला कापूस कशासाठी, असं गावानं मला विचारलं. बाबुलालनं दोनदा विचारलं. मी त्यांना म्हटलं, तिकडे भाव चांगला आहे. (हे पूर्ण खोटं. ते मी उद्या सकाळच्या वंदनेत सांभाळून घेईन.) मायनं विचारलं नाही. तिनं तुमच्या बहिणीची चप्पल धुवून गाडीत ठेवली.

हे पत्र बाबुलालच्या हाती तुमच्याकडे देतो. तुम्ही वाचाल तेव्हा रिकामी मेटॅडोर तुमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी असेल आणि मी तिच्याजवळ असेन. आत यायला मला कोणी तरी हाक मारावी लागेल. पुढे बाबुलालसकट दोघांचीच जागा आहे. बाबुलालनं कबूल केलं आहे, की मला मागे बसवतो. पायलला सांगावं, की काकाजीला बघताच काही बोलू नको, शेवट तर अजिबात नको. भावाचं म्हणाल तर तोही विचारू नका. जिनिंगवर मी तो एकदाच विचारला, त्यांनी सांगितला, आणि थांबू म्हणायला तोंड उघडायच्या आत मी होकार दिला, वजनाचा काटा होईपर्यंत तिथे उभा राहिलो, आणि सगळाच्या सगळा कापूस विकून टाकला.